‘पूर्वी बालपणच नव्हते’ या विधानाला माझा आक्षेप

पिंपळपान (धागाकर्ता)

काल येथील एका सदस्यांनी लिहिले की अठराव्या शतकापूर्वी बालपण ही कल्पनाच नव्हती, मुलांना बुटके प्रौढ समजले जाई आणि मुले इतकी दगावत की आईबापांना त्याचे दुःखही होत नसे. हे वाचून मला मनापासून राग आला, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

या मताचे मूळ फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. मध्ययुगीन चित्रांत मुलांचे कपडे आणि चेहरे मोठ्यांसारखे दिसतात, यावर त्यांनी बराच भर दिला. परंतु चित्रकाराने बाळ येशूला पोक्त चेहरा दिला तो धार्मिक संकेतापोटी. त्यावरून घरातल्या मुलाकडे आई कोणत्या नजरेने पाहत होती हे कसे ठरवणार? रशियातील नोव्हगोरोद येथे तेराव्या शतकातल्या ओनफिम नावाच्या सहा-सात वर्षांच्या मुलाने अक्षरे गिरवलेल्या भूर्जसाली सापडल्या आहेत. गिरवता गिरवता मध्येच त्याने घोड्यावर बसून शत्रूला भाल्याने भोसकणारा स्वार काढला आणि त्याच्याशेजारी स्वतःचे नाव लिहिले. दुसऱ्या सालीवर त्याने स्वतःला हिंस्र श्वापद म्हणून रेखाटले आहे. हे बालपण नाही तर काय आहे? चर्चचा कायदादेखील सात वर्षांखालील मुलाला त्याच्या कृत्यांसाठी जबाबदार धरत नसे.

दुःखाविषयी तर बोलायलाच नको. रोमन थडग्यांवर मुलांचे वय वर्षे, महिने आणि दिवसांसह कोरलेले आढळते. मार्टिन ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी १५४२ साली वारली, तेव्हा तो धर्मोपदेशक कोलमडून गेला होता.

नोंदवही

आरिएस यांनी जे म्हटलेले नाही ते त्यांच्या माथी मारू नये. बालपणाची जाणीव आणि मुलांविषयीची माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी त्याच पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. बालमृत्यू फार असल्यामुळे आईबाप मुलांत जीव गुंतवत नसत, हे म्हणणे पुढे इतिहासकार लॉरेन्स स्टोन यांनी १९७७ साली ठामपणे मांडले. आणि आपण ल्यूथर सांगता, तर सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन्यही सांगा. दाईकडे ठेवलेली आपली दोन-तीन मुले गेली, त्याची खंत वाटली पण फार दुःख झाले नाही, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. माया होती हे मान्य केले, तरी १८४२ साली ब्रिटनमधील चौकशी अहवालात पाच-पाच वर्षांची मुले खाणीतल्या अंधारात हवेची दारे उघडण्यासाठी तासन्‌तास बसलेली का आढळतात? मुलांना त्या अंधारातून बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे बालपणाची नवी कल्पना आणि तिच्या आधाराने झालेले कायदे.

साळुंखी

मुलांचे काम म्हणजे अत्याचार, हे आपण सिद्ध न करताच गृहीत धरले आहे. वडिलांच्या छापखान्यात मी दहाव्या वर्षापासून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होतो. शाळेने मला जे शिकवले नाही ते जुळाऱ्यांनी शिकवले, आणि मोठ्या माणसांच्या कामात आपला हात लागतो याचा जो अभिमान वाटे, तो माझ्या मुलांना पंचविशीपर्यंत मिळाला नाही. इतिहासात बहुतेक मुले आईबापांच्या शेजारी बसूनच काम शिकली. त्यांना वर्गात कोंडून प्रौढांच्या जगातून हद्दपार केले, तेही याच नव्या कल्पनेने. या बदलात काय गमावले याचा हिशेब कोणीच मांडत नाही.

शेवंता

आपल्या छापखान्याचे मालक आपले वडील होते, हा तपशील आपण सहज ओलांडून गेलात. माझी आई नवव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळायला आणि भांडी घासायला राहिली. तिच्या शेजारी तिचे आईबाप नव्हते. तिला आजही सही करताना घाम फुटतो. मुलांच्या कामाचे गोडवे तिच्यासमोर गाऊन दाखवा.

आणि हे एका घरापुरते नाही. इंग्लंडमध्ये पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या प्रभागाच्या, आधारावर जगणारी मुले ‘शिकाऊ’ म्हणून सूतगिरण्यांच्या हवाली केली जात. त्यांच्यासाठी १८०२ साली जो कायदा झाला, त्याने दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास ही सुधारणा होती, यावरून आधीची स्थिती काय असेल ते समजून घ्यावे.

साळुंखी

आपल्या आईचा अवमान करण्याचा माझा हेतू नव्हता, आणि तसा अर्थ काढला जावा याचे मला वाईट वाटते. पण आपलेच उदाहरण पाहा. गिरणी हे मध्ययुगाचे अपत्य नाही. निरागस बालपणाचे पोवाडे गाणारा तत्त्वज्ञ रूसो १७६२ साली मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहितो आणि स्वतःची पाचही मुले अनाथालयात सोडतो. पुढच्या पिढ्यांत त्याच युरोपात मुले यंत्रांखाली रांगत कापूस वेचतात. मग या नव्या कल्पनेने नेमके कोणाला वाचवले?

नोंदवही

उशिरा का होईना, वाचवले. १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली, आणि अंमलबजावणीसाठी निरीक्षक नेमले गेले, जरी साऱ्या देशासाठी ते चारच होते.

विरोध फक्त मालकांचा होता असेही नाही. अमेरिकेत १९१६ साली बालकामगारांविषयी केंद्रीय कायदा झाला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेला तो डेगेनहार्ट नावाचा बाप, कारण आपल्या दोन मुलांनी सूतगिरणीत काम करत राहावे असे त्याचे म्हणणे होते. १९१८ साली तो खटला जिंकला गेला आणि कायदा रद्द ठरला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले. या बापाला मुलांविषयी माया नव्हती असे मी म्हणणार नाही. मूल कमावते असणे त्याला स्वाभाविक वाटत होते, आणि बदलावे लागले ते हेच.

पिंपळपान

धागा बालपणाच्या कल्पनेवरून कामावर गेला, तरी डेगेनहार्टचा मुद्दा मला टाळता येत नाही. माया पुरेशी नव्हती, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. त्यातून ‘बालपणच नव्हते’ हे मात्र सिद्ध होत नाही. मूल वेगळे आहे हे माणसांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्या वेगळेपणामुळे आपण त्याचे काय देणे लागतो, याचे उत्तर बदलत गेले.

शेवंता

‘आम्ही तिला मुलीसारखीच वागवली’ हे वाक्य आई ज्या घरात राबली तेथील माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे, आणि ते खोटे बोलत होते असेही मला वाटत नाही. म्हणूनच थडग्यावरच्या दिवसांच्या मोजणीने माझे समाधान होत नाही. ती मुले दिवसभर काय करत होती आणि कोणासाठी करत होती, हे सांगता येत असेल तर सांगावे.

पिंपळपान

थोडे सांगता येते. मध्ययुगीन इंग्लंडमधील अपघाती मृत्यूंच्या सरकारी चौकशांच्या नोंदी इतिहासकार बार्बरा हॅनावॉल्ट यांनी तपासल्या आहेत. त्यांत अगदी लहान मुले खेळताना, विस्तवाजवळ किंवा पाण्यात पडून गेलेली दिसतात, आणि सात-आठ वर्षांनंतरच्या मुलांच्या नोंदींत गुरे राखणे, पाणी आणणे अशी कामे येऊ लागतात. साळुंखी यांना यात आपला छापखाना दिसेल. शेवंता, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे कोणासाठी, याचे उत्तर या नोंदींतून प्रत्येक मुलापुरते काढावे लागेल, आणि परक्या घरी चाकरीला ठेवलेली मुले तेव्हाही होती, हे मी नाकारत नाही.