वाघाच्या वर्षातले बाहेर

शैलाआत्या: वंदनावहिनी, इथेच सगळ्यांसमोर विचारते. चिन्मय-मेईच्या लग्नाचा पलंग मांडायचा विधी करतील त्या दिवशी मी त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा निरोप आलाय का? मला सुमीकडून कळतंय. चादर मी सोलापूरहून मागवलीये.

वंदनाकाकू: वन्सं, रागावू नका. विहीणबाईंनी तुमचं नाव नाही घेतलं. त्यांच्या चिनी पंचांगातल्या वाघाच्या वर्षात जन्मलेलं कुणीच तेवढा वेळ आत नको, असं म्हणाल्या. वाघ उग्र, नव्या जोडप्याला त्रास होतो असं मानतात त्यांच्याकडे. म्हणून सगळ्यांची जन्मसालं मागितली होती.

नंदूकाका: सिंगापूरला येणाऱ्यांनी पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत आज पाठवावी 🙏

चिन्मय: आत्या, तुला एकटीला नाही गं. मेईचा सख्खा मामा १९६२ चा, तोही हॉलमध्येच बसणार. दर बारा वर्षांनी येतं हे. १९५०, ६२, ७४, ८६, ९८.

ओंकार: ८६? म्हणजे आमच्या घरी पण वाघीण. मला आधीच संशय होता 😄

सुमी: घरी या, मग बोलू.

शैलाआत्या: ओंकार, विनोद नको. मी चिन्मयला अंघोळी घातल्यात.

बापूकाका: आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? गुणमेलनात योनीचे ४ गुण. चित्रा, विशाखा नक्षत्रांची व्याघ्रयोनी, उत्तरा आणि उत्तराभाद्रपदा गाय. वैर म्हणून शून्य. शैलाचं नाशिकचं स्थळ त्यावरच मोडलं.

शैलाआत्या: बापूदादा, तो विषय काढायची काही गरज होती?

बापूकाका: मी फक्त शास्त्र सांगितलं.

नंदूकाका: पासपोर्ट. पहिलं व शेवटचं पान. चौघांचंच आलंय.

ऋचा: बापूकाका, हे पलंगापुरतं नाहीये. वाघाच्या वर्षातली मुलगी तापट निघते, तिचं लग्न जमत नाही, म्हणून सिंगापूरमधली कितीतरी चिनी जोडपी ते वर्ष टाळतात. २०१० ला, वाघाच्या वर्षी, तिथला जननदर बाईमागे १.१५ मुलांवर आला. तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग चिनी नववर्षाच्या संदेशात या समजुतीवर बोलले होते. १९८८ ला ड्रॅगनचं, म्हणजे त्यांच्यात शुभ मानलेलं वर्ष आलं तर तोच दर १.९६. जन्मलेल्या पोरीचा काय दोष? आणि याच लोकांत बाळाला वाईट नजरेपासून राखायला वाघाच्या तोंडाची टोपी घालतात, वाघाचे बूट घालतात.

मोठीकाकू: आपल्याकडे पण वाघनख बांधायचे की गळ्यात. चिन्मयलाही होतं चांदीत मढवलेलं.

ऋचा: तेच तर! आणि आत्या, तुझा वाढदिवस १२ जानेवारी ना? त्यांचं वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, चांद्र आहे. १९७४ चं वाघाचं वर्ष २३ जानेवारीला लागलं. तू त्याच्या आधीची, बैलाच्या वर्षातली.

ओंकार: आत्या, अभिनंदन. पोळ्याला पुरणपोळी नक्की.

वंदनाकाकू: अगंबाई! मग प्रश्नच मिटला. लगेच विहीणबाईंना कळवते.

शैलाआत्या: कळवू नका.

वंदनाकाकू: आता काय झालं?

शैलाआत्या: अकरा दिवसांनी सुटले म्हणून मी आत जाऊ, आणि सुमीने दाराबाहेर उभं राहायचं? पलंगाला हात लावायला त्यांना नवरा-मुलं असलेलीच बाई लागते म्हणे. मग मोठ्या वहिनींचं काय?

वंदनाकाकू: वन्सं, त्यांच्या घरचा रिवाज आहे. मी मुलाची आई. तिथे जाऊन वाद घालू का?

मोठीकाकू: माझं नाव कशाला मध्ये? गौरीच्या हळदीला मी स्वयंपाकघरातच होते. मंडपात या असं कुणी म्हटलं नाही. तिथे कुणी चिनी नव्हतं.

नंदूकाका: फक्त पहिलं पान पाठवू नये. पहिलं व शेवटचं.

गौरी: काकू, मला हे माहीतच नव्हतं 😔

बापूकाका: झालं ते झालं. जुनं उकरू नये.

शैलाआत्या: दादा, नाशिकचं स्थळ कोणी उकरलं?

चिन्मय: मी मेईशी बोललोय. खोलीचं तिच्या आजीसाठी करावं लागेल, आजी ८८ वर्षांच्या आहेत, त्यांना दुखवायचं नाही. पण सकाळी वडीलधाऱ्यांना चहा द्यायचा विधी असतो. तिथे वयाने मान, जन्मसाल कुणी विचारत नाही. आपल्याकडून पहिला कप मोठ्या काकूला. आई, चालेल ना?

वंदनाकाकू: मी कधी नाही म्हटलंय?

शैलाआत्या: मोठ्या वहिनी, तुम्ही येताय. सुमी आणि मी तुमच्या शेजारी बसू.

मोठीकाकू: नंदूभावजी, पासपोर्ट पाठवलाय.

नंदूकाका: वहिनी, शेवटचं पान राहिलं.