सॅन फ्रान्सिस्कोचं फॉक्स थिएटर पाडलं तरी का?

उनाड_पावलं:
नमस्कार मंडळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर फॉक्स प्लाझा नावाची एक उंच बिल्डिंग आहे, दिसायला निव्वळ ठोकळा. हे फॉक्स कुठून आलं म्हणून सहज शोधायला गेलो तर कळलं की त्याच जागी फॉक्स थिएटर होतं, आणि आतले जुने फोटो बघून हबकलोच राव. सिनेमाचं थिएटर की फ्रेंच राजाचा दरबार हेच कळेना. ४,६५१ सीट्स! १९२९ ला उघडलं आणि १९६३ ला जमीनदोस्त, म्हणजे जेमतेम ३४ वर्षं. सगळीकडे "टीव्ही आला म्हणून" एवढं एकच कारण दिसतं पण ते काही पटत नाही, कारण टीव्ही तर सगळीकडेच आला ना, मग डेट्रॉइटचं आणि अटलांटाचं फॉक्स अजून कसं उभं आहे? कुणी जरा खोलात वाचलंय का?

जुनी_रिळं:
टीव्हीच्या डोक्यावर सगळं खापर फोडू नका, दुखणं जन्मापासूनचं होतं. उद्घाटन २८ जून १९२९ चं, आणि ऑक्टोबरात वॉल स्ट्रीट कोसळलं. मालक विल्यम फॉक्सने त्याच वर्षी भरमसाट कर्ज काढून एमजीएम या सिनेमा स्टुडिओची मालक कंपनी लोएव्ज गिळायचा घाट घातला होता, तो त्याच्याच अंगाशी आला आणि १९३० मध्ये स्वतःची कंपनीही हातातून गेली. सॅन फ्रान्सिस्कोचं थिएटर तर १९३२-३३ च्या सुमारास काही महिने चक्क बंदच होतं. तेव्हा कुठे होता टीव्ही?

दुसरं म्हणजे या थिएटरचा सगळा थाट मूकपटाच्या हिशोबाने होता. वुर्लिट्झर कंपनीचा नळ्यांचा अवाढव्य ऑर्गन, ऑर्केस्ट्रा, सिनेमाच्या आधी स्टेजवर नाचगाणी (फॅन्चन आणि मार्को या भावंडांच्या कंपनीचे शो असायचे) आणि नेमकं उघडलं तेव्हा बोलपट आलेले. म्हणजे आवाज पडद्यातूनच येणार आणि इकडे एवढा लवाजमा पोसायचा. पुढे स्टेज शो कमी होत गेले, पण साडेचार हजार खुर्च्या तर तशाच राहिल्या ना. हाऊसफुल्ल असो नाहीतर दोनशे टाळकी, छत तेवढंच, दिवे तेवढेच, हीटिंगचा खर्चही तोच. हत्ती पाळल्यासारखं होतं ते सगळं.

मग १९४८ चा पॅरामाउंट खटल्याचा निकाल. तोवर मोठ्या स्टुडिओंची स्वतःची थिएटरं असायची, सिनेमा आपलाच आणि गल्लाही आपलाच. सुप्रीम कोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि पुढच्या काही वर्षांत स्टुडिओंना थिएटरं वेगळी काढावी लागली. अशा अवाढव्य थिएटरमागे उभं राहणारं स्टुडिओचं बळच गेलं. त्यात लोक गाड्या घेऊन उपनगरात राहायला गेले, पार्किंग शोधत डाउनटाउनला कोण येतंय सिनेमाला. १९५३ मध्ये सिनेमास्कोप (रुंद पडद्याचा सिनेमा) आणून बघितला पण रोज रोज थोडंच एवढं थिएटर भरतं! टीव्ही या रांगेत शेवटी येतो असं माझं मत, बाकी जाणकार सांगतीलच.

मतपेटी:
जुनी_रिळं, हिशोब बरोबर आहे तुमचा पण शेवटचा घाव तुम्ही सांगितलाच नाही. १९६१ च्या नोव्हेंबरात शहराने हे थिएटर विकत घ्यावं का यावर मतदान झालं होतं. किंमत साधारण दहा लाख डॉलर. आणि लोकांनी नाही म्हटलं!! कुणा बिल्डरने रात्रीत पाडलं असं नाहीये, ज्यांचं शहर त्यांनीच मत देऊन घालवलं.

जुनी_रिळं:
हो ते राहिलंच लिहायचं. पण मतदारांना तरी किती बोल लावणार? तेव्हा ३२ वर्षं जुनं थिएटर म्हणजे वारसा नव्हे, जुनाट अडगळ. न्यूयॉर्कचं रॉक्सी, जवळजवळ सहा हजार सीट्सचं, १९६० मध्येच पाडून झालं होतं. जुन्या वास्तू जपायचा देशपातळीवरचा मोठा कायदा आला १९६६ मध्ये, आणि गंमत बघा, फॉक्स प्लाझा पुरा झाला तोही १९६६ मध्येच.

मतपेटी:
मान्य, पण मग खाडीपलीकडचं ओकलंड बघा की. तिथलं पॅरामाउंट थिएटर १९३१ चं, तेही १९७० मध्ये बंद पडलेलं. १९७२ मध्ये तिथल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने विकत घेतलं, दुरुस्त केलं, पुढे सिम्फनीचेच पैसे संपत आले तेव्हा १९७५ मध्ये एका डॉलरला शहराच्या हवाली केलं. अजून सुरू आहे. एका डॉलरला! इकडे दहा लाख जड झाले.

@उनाड_पावलं, तुमच्या बाकीच्या फॉक्सांचं उत्तरही त्यातच आहे. मोठी फॉक्स पाच होती. ब्रुकलिनचं १९७१ मध्ये गेलं. अटलांटाचं सत्तरच्या दशकात टेलिफोन कंपनीच्या ऑफिससाठी पाडायला निघाले होते, लोकांनी मोहीम काढून वाचवलं. सेंट लुईसचं १९७८ ला बंद पडून १९८२ ला परत उघडलं, डेट्रॉइटचं १९८८ मध्ये नव्यासारखं केलं. म्हणजे जी आणखी दहा-पंधरा वर्षं कशीबशी तग धरून राहिली ती वाचली, कारण तोपर्यंत लोकांचं मत बदललं होतं.

उनाड_पावलं:
बाप रे, म्हणजे हे फक्त दहा वर्षं लवकर बंद पडलं म्हणून गेलं! धन्यवाद दोघांनाही. त्या ऑर्गनचं काय झालं पण? भंगारात?

चिंगी_वाजवते:
इतका वेळ नुसती वाचत होते, ऑर्गनचं नाव निघालं आता गप्प बसवत नाही 😀 भंगारात नाही गेला! १६ फेब्रुवारी १९६३ च्या निरोपाच्या रात्री त्यावर शेवटचं वाजवणं झालं. मग आतल्या सामानाचा लिलाव वगैरे झाला पण ऑर्गन एका हौशी गृहस्थांनी घेऊन आपल्या घरी बसवला, म्हणजे त्यासाठी घर केवढं लागत असेल विचार करा, चार कीबोर्ड आणि नळ्यांचे ३६ संच! पुढे तो डिस्नेने घेतला आणि १९९९ पासून हॉलिवुडच्या एल कॅपिटन थिएटरमध्ये आहे. सिनेमा सुरू व्हायच्या आधी वाजवतात, म्हणजे मुळात ज्या कामासाठी केला होता जवळपास तेच काम.

उनाड_पावलं:
काय सांगता! लॉस एंजेलिसला जाणं होणारच आहे, आता सिनेमा कुठलाही असू दे, अर्धा तास आधी जाऊन बसतो.

चिंगी_वाजवते:
पुढच्या रांगेत बसा, ऑर्गन खालून वर येताना दिसतो.