शेतावरच्या घरासाठी पहिली रायफल: .३१५ घ्यावी का?

मळ्यातला:
गावापासून तीन किलोमीटरवर शेतातच घर आहे. विटांचं बांधकाम, वर पत्रे, मागे गोठा. शेजारची वस्ती दीडशे मीटरवर. शस्त्र परवान्याचा अर्ज करतोय, पहिलंच हत्यार. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोल्ट रायफल (दर बाराला हाताने खिट्टी ओढायची) मनात आहे: मॅगझिनमध्ये पाच गोळ्या, रचना साधी, काडतुसं मिळतात. भागात बिबट्याही फिरतो. ही योग्य ठरेल का? जुनी मिळाली तर काय तपासायचं?

दुनळी१२:
रायफल मजबूत आहे, वाद नाही. पण शेजार दीडशे मीटरवर असेल तर ती घेऊ नका.

.३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची. नेम चुकला तर ती दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. पत्रा, लाकडी दार किंवा साडेचार इंची विटेची भिंत तिला अडवेल असं कधीच धरू नका. मधे तुमचा गोठा, पलीकडे शेजाऱ्याची झोपायची खोली. रात्री अंधारात, झोपेतून उठून, घाबरलेल्या माणसाच्या हातात हे हत्यार असणार आहे.

तुम्हाला बारा बोअरची दुनळी बरी. घरासाठी काडतूस बारीक छर्र्याचं, चार नंबर किंवा बीबी. एलजी, एसजी ही मोठ्या छर्र्यांची काडतुसं. एलजीत मोजून सहा छर्रे असतात, ते भिंतीतून जातात, म्हणून ही दोन्ही घरात नकोत. बारीक छर्राही पत्र्यातून जातो, पण वेग लवकर गमावतो आणि त्याचा धोका काहीशे मीटरांत संपतो. शेजार तेवढ्यात येतो, म्हणून कोणत्या खिडकीतून कोणत्या दिशेला बार काढायचा नाही हे दिवसाउजेडी ठरवून ठेवा.

छर्रे पसरतात, नेम लागत नाही, हा समज मात्र काढून टाका. खोलीतल्या पाच-सहा मीटरवर सगळे छर्रे तळहाताएवढ्या जागेत जातात. नेम धरावाच लागतो.

पंप अ‍ॅक्शनमध्ये (पुढची मूठ मागे-पुढे ओढून भरायची बंदूक) काडतुसं जास्त बसतात, पण घाईत पंप पूर्ण मागे ओढला नाही की रिकामं कवच अडकतं. दुनळीत अडकायला फारसं काही नाही. उघडली की दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते डोळ्यांना दिसतं. नवशिक्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

कलम१३:
कायद्याच्या बाजूनेही दुनळी सोपी. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३(३) नीट वाचा. संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक (दुनळी यातच येते) मागितली, तर तिची तरतूद वेगळी आहे. रायफलीसाठी मात्र ‘सबळ कारण’ आहे याची अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखही त्याच कलमात आहे.

अर्ज ए-१ नमुन्यात. ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवं. हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं एस-१ प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन हत्यारं. नकार आला तर कारणं लेखी मागा, अपील करता येतं.

बिबट्यासाठी म्हणून बंदूक घेऊ नका. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे, जिवावर बेतलं तरच बचाव म्हणून चालतं. दिसला तर वनविभागाचा १९२६ लावा.

आणि चोर पळू लागला की बार काढायचा नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खाजगी बचावाची. ३७ सांगतं की बचावाला लागेल तेवढीच इजा, जास्त नाही. बचावात जीव घेण्यापर्यंत जाता येतं अशा गुन्ह्यांच्या ४१ मध्ये रात्रीची घरफोडी येते, पण ती ३७ च्या मर्यादेतच. पाठ फिरवलेल्या माणसावर झाडलेल्या गोळीला बचाव म्हणून उभं करणं फार अवघड.

मळ्यातला:
पटलं. दुनळी जुनी बघतो. मी बाहेरगावी असताना घरच्यांनी वापरली तर?

कलम१३:
नाही. परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच हाती. बाहेरगावी जाताना बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे ठेवून जाऊ नका. घरच्यांसाठी ११२, बाहेरचा दिवा आणि आतून भक्कम कडी.

दुनळी१२:
जुनी दुनळी बघताना आधी ती रिकामी आहे हे पाहा, मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा आणि दस्ता धरून नळ्या हलक्या हलवा. बिजागरीत खडखड जाणवली किंवा बंद नळ्या आणि मागचा भाग यांच्यामधून उजेड दिसला, तर सोडून द्या. नळीतून उजेडाकडे बघा: आतली वर्तुळं अखंड दिसली पाहिजेत. एखादं मोडलेलं दिसलं तर तिथे पोचा आहे. नळीवर बाहेरून लाटांसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस नळी. तिच्यात आजची काडतुसं घालायची नाहीत.

सगळ्यात फसवी गोष्ट चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची. बऱ्याच जुन्या बंदुकांचं चेंबर ६५ मिमीचं असतं. ७० मिमीचं काडतूस त्यात अगदी सहज बसतं, कारण तोंड दुमडलेलं असल्याने न उडालेलं काडतूस आखूडच असतं. बार उडाला की ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी कोरलेला आकडा वाचा, नसेल तर बंदूक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या.

मापही बघा. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं की तर्जनी चापापाशी पोचली पाहिजे. नळी २८ इंची मिळाली तर ३२ पेक्षा बरी, दारातून वळायला सोपी.

ठेवायला भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात. दुनळीचे तीन भाग सुटतात, त्यामुळे पुढचं लाकूड तिसऱ्या ठिकाणी ठेवता येतं. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका, ओल धरून नळीला गंज चढतो. जुनी कागदी काडतुसं ओलीने फुगतात आणि नळीत अडकतात, ती बाजूला काढा. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून सावकाश साठपर्यंत मोजा, मगच उघडा.

नेमबाज:
पुढे कधी .३१५ घ्यायची झालीच तर बोल्टवरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळतो का ते आधी बघा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतुसामागे फट राहू शकते आणि कवच फाटून गरम वायू तोंडावर येतो. नंबर जुळला तरी आधी एकच गोळी उडवून कवच तपासा. बुडाजवळ चकचकीत रेघ किंवा चीर दिसली की दुसरी उडवायची नाही.