प्रेसमध्ये भावाची दोन बोटं गेली, कंपनीवर कारवाई कशी होते?

चाकणचा_धाकटा: माझा मोठा भाऊ चाकणला एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं) ठेकेदाराकडून लागलाय. दसरा झाल्यावर दहा-बारा दिवसांत उजव्या हाताची दोन बोटं डायखाली (साच्याखाली) गेली. मशीनला दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत, पण तसं प्रॉडक्शन निघत नाही म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायम दाबून ठेवलेलं असायचं, सुपरवायझरच्या डोळ्यादेखत. खंडेनवमीला त्याच प्रेसला भावाने स्वतः हार घातलेला. आता एचआरवाले म्हणतात तो आमचा माणूसच नाही, वीस हजार घ्या आणि सही करा. यांना कायद्याने काय शिक्षा होते, कुठं जायचं?

सेफ्टीवाले_काका: सही अजिबात करू नका. ठेकेदाराचा असला तरी कारखाने अधिनियम १९४८ मध्ये तो त्या कारखान्याचाच कामगार धरतात, आणि खटला होतो तो भोगवटादार (कंपनी असेल तर एखादा डायरेक्टर) आणि मॅनेजरवर. कलम ९२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खटला फॅक्टरी इन्स्पेक्टर किंवा त्याच्या लेखी परवानगीनेच भरता येतो, तुम्ही थेट कोर्टात गेलात तर उपयोग नाही, आणि त्याला कळल्यापासून तीन महिन्यांत भरावा लागतो, त्यानंतर संपलं. म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात लेखी अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का घ्याच. कंपनीने अपघात कळवला होता का तेही विचारा. कलम ११८अ प्रमाणे तक्रार कोणी केली ते इन्स्पेक्टर सांगू शकत नाही, त्यामुळे सोबतच्या पोरांनाही बोलायला सांगा.

मशीनमन_भोसरी: काका बरोबर आहेत, पण खरी चीड येते ती कमीत कमी दंडाची. हात अधू झाला तर ५ हजार, माणूस गेला तर २५ हजार, बस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी नवीन संहिता (व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता) आलीय, तिच्यात गंभीर इजेला २ ते ४ लाख, मृत्यूला किमान ५ लाख, आणि त्यातला निदान अर्धा हिस्सा जखमीला किंवा घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणजे जुनाच कायदा लागणार. आणि जुन्यात दंड सरकारजमा होतो भाऊ, भावाला पैसे मिळायचे तर रस्ता वेगळा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत होते का? असेल तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्यावर दरमहा रक्कम सुरू होते, नसेल तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कामगार न्यायालयात भरपाईचा दावा लावा.

चाकणचा_धाकटा: स्लिपवर ईएसआय कटिंग दिसतंय, कार्ड मात्र कधी दिलंच नाही.

मशीनमन_भोसरी: कार्ड नसू दे, ठेकेदाराकडून नंबर घ्या. एक दिवस काम केलं असलं तरी कामावरच्या अपघाताला हक्क आहे.

सेफ्टीवाले_काका: बटणाचा पुरावा काही आहे का? अशा ठिकाणी पहिल्यांदा ती पट्टीच गायब होते.

चाकणचा_धाकटा: दुसऱ्याच दिवशी काढली, वर नवीन सेन्सर बसवला. पण काका, भावाच्या मोबाईलमध्ये खंडेनवमीचा फोटो आहे, हाराच्या खाली बटणावरची पट्टी स्पष्ट दिसतेय. उद्या सकाळीच प्रिंट काढून अर्जाला लावतो.