गावरान बी कसल्याही उन्हात येतं? कोण म्हणतं?

कुंडीबहाद्दर (पुणे): काल एका ताईंनी लिहिलंय, "उन्हाळ्यात घरच्या बागेत फक्त गावरान बी लावा, हायब्रीड म्हणजे विष, गावरान कसल्याही उन्हात येतं." खाली हात जोडलेल्यांची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो गावरान, पण कुठल्या गावचं? कोकणातल्या पावसाळी तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, बी मार्चमध्ये नागपूरच्या गच्चीत टाकलं तर ते काय गावरान आहे म्हणून जगणार? आणि वालाचं तर बोलूच नका. जुन्या वेली वालांना दिवस लहान झाल्याशिवाय फुलं लागत नाहीत. फेब्रुवारीत लावलात तर मेपर्यंत मांडवभर नुसता पाला, शेंग औषधाला नाही, मग लोक इथे येऊन विचारतात कुठलं खत घालू! उन्हाळ्यात गवार, भेंडी, चवळी, दोडका, काकडी, लाल माठ लावा. टोमॅटो एप्रिल-मेच्या झळीत फुलं गाळतोच, त्याला तुमच्या श्रद्धेशी देणंघेणं नाही.

शिवाय गावरान आणि हायब्रीड यांच्या मधे सरळ वाण असतात हे कुणी सांगतच नाही. परभणी क्रांती भेंडी घ्या, कृषी विद्यापीठाची आहे, घरचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तीच भेंडी येते. हायब्रीडचं बी धरलंत तर एक झाड आजोबांवर, एक मामावर.

मातीताई: मीच ती "एक ताई". नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. बीजमाता राहीबाई पोपेरेंना 2020 ला पद्मश्री जाहीर झाली ती काय पाकिटातलं बी विकून? कोंभाळणे गावात त्या माउलीने वालाचे, घेवड्याचे किती वाण सांभाळले ते आधी वाचा. आणि दुकानातलं भेंडीचं पाकीट फोडून बघा, बी गुलाबी असतं. का? तर बुरशीनाशक चोळलेलं. बोटांना तो रंग लागतो. माझी नात त्याच बोटांनी खाऊ खाते. याला विष नाही तर काय तीर्थ म्हणू?

कुंडीबहाद्दर: राहीबाईंना माझाही नमस्कार. पण त्यांचं गाव अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, तुमची गच्ची हडपसरला सिमेंटवर. ते बी तिथल्या हवेचं आहे एवढंच म्हणतोय. आणि गुलाबी रंग मुद्दाम देतात, हे खायचं नाही ते कळावं म्हणून. हात धुवा की.

वऱ्हाडी_ठेचा: दोघंही थांबा जरा. परभणी क्रांतीवरपण आता केवडा रोग येतोच भाऊ, पूर्वीसारखी टिकत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की झाड उपटायचं, पांढरी माशी शेजारच्या कुंडीत जायच्या आत. माझा राग वेगळाच आहे. ऑनलाइन "हेअरलूम" म्हणजे पिढीजात बी म्हणून पाकिटं विकतात ना, काळे टोमॅटो, चट्टेपट्टे वांगी, मोजून दहा बिया आणि किंमत विचारू नका. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल हे टोमॅटो अमेरिकेतल्या लोकांचं गावरान आहे, आपलं नाही! मी मागवलं होतं, आमच्या विदर्भातल्या अकोल्याच्या उन्हात पानं पापडासारखी वाळली. विक्रेत्याला कळवलं तर म्हणे "केअर गाइड वाचा".

दोडकाप्रेमी: धाग्याशी संबंध नाही पण विचारतेच. माझी गावरान काकडी कडू निघतेय. सासूबाई म्हणतात शेजारी कारलं लावलंयस म्हणून. खरं का?

मातीताई: शंभर टक्के खरं. आमच्या वाड्यात कारल्याचा वेल काकडीवर चढला आणि सगळ्या काकड्या फेकाव्या लागल्या. स्वतः पाहिलंय.

कुंडीबहाद्दर: अहो ताई, कारल्याचा आणि काकडीचा संकर होतच नाही. आणि झाला असता तरी त्याचा परिणाम त्या फळातल्या बियांमधून पुढच्या पिढीत दिसणार, आत्ताच्या काकडीच्या गरात नाही. उन्हात पाण्याचा ताण पडला की काकडी कडू होते, शिवाय काही वाणांत तो गुण मुळातच असतो.

मातीताई: म्हणजे मी खोटं बोलते?

कुंडीबहाद्दर: तुम्ही खोटं नाही हो, कारण खोटं. दोन वेल एका कुंडीत, मुळं सगळं पाणी ओढणार, काकडी तहानेली राहणार, कडू होणार.

वऱ्हाडी_ठेचा: 😂 म्हणजे कारल्यामुळेच कडू झाली की! ताई जिंकल्या.

रत्नांग्रीकर_आबा: आमच्याकडे काकडीचा शेंडा कापून घासतात, फेस येतो, कडूपणा जातो.

कुंडीबहाद्दर: आबा, कडूपणा बहुतेक देठाकडेच जास्त असतो, तो तुकडा कापून टाकला म्हणून उरलेली बरी लागते. घासण्याने काही होत नाही.

रत्नांग्रीकर_आबा: तुमच्या जन्माच्या आधीपासून घासतोय.

दोडकाप्रेमी: आणि दुधी कडू निघाला तर?

वऱ्हाडी_ठेचा: तो चाखून थुंकायचा आणि फेकायचा. रस तर अजिबात प्यायचा नाही, माणसं दगावली आहेत त्याने. यात गावरान-हायब्रीड वाद नको, प्लीज.

मातीताई: बरं. वालाचं मान्य, माझाही मांडव मेपर्यंत हिरवागार आणि रिकामा असतो, आता कारण कळलं. पण बाकीचं एक अक्षर मान्य नाही. आणि ज्यांना वाटतं घरचं बी म्हणजे खेडवळपणा, त्यांना सांगा, 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी धरायचा, वाटायचा, लेबल न लावता विकायचाही हक्क दिलाय.

कुंडीबहाद्दर: खेडवळपणा कोण म्हणालं? मी सुद्धा गवारीचं बी घरचंच धरतो! शेंग झाडावरच कडक वाळू द्यायची, मग सावलीत ठेवायची.

मातीताई: मग इतका वेळ भांडत कशाला होतात?

दोडकाप्रेमी: काकडीशेजारी कारलं ठेवू की काढू, एवढंच सांगा, बाकी चालू द्या.

वऱ्हाडी_ठेचा: ठेवा. कुंडी वेगळी करा आणि पाणी सकाळ-संध्याकाळ घाला. सासूबाईंना सांगा कारलं हलवलं म्हणून गोड झाली.