मदत हवी आहे: बहुभाषिक शिक्षणात पुढे शिकावं का?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, मराठीत बी.ए. झालेय. शिरोली एमआयडीसीजवळच्या वस्तीत संध्याकाळी लहान मुलांना शिकवते. निम्म्यांच्या घरी हिंदी, भोजपुरी, नाहीतर कन्नड. परवा एका पोरीला 'पाटी काढ' म्हटलं, तर नुसती बघत राहिली. शेजारणीनं 'स्लेट' म्हणताच दप्तर उघडलं. तेव्हापासून चैन नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हटलंय, पण एका खोलीत चार मातृभाषा असतील तर कसं? तेच मला नीट शिकायचंय.

आधी बी.एड. करू की पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानात एम.ए.? पुढं शिक्षक-प्रशिक्षण, पाठ्यपुस्तकं, संस्थांची कामं यात खरंच पोटापुरतं मिळतं का? बाबा म्हणतात, बी.एड. करून टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) दे. या वाटेनं गेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.