सल्ला हवा: १६६१ साल बघायचंय, व्हर्सायला जावं का?

गुळपोळी:
जूनमध्ये चार दिवस पॅरिसात आहोत. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई (गुडघे दुखतात). मुलाला फ्रान्सच्या इतिहासाचं खूळ लागलंय, सध्या गाडी १६६१वर अडलीय. त्या सालाचं काही प्रत्यक्ष दिसेल अशी एकच जागा बघणं जमेल. सगळे व्हर्साय म्हणताहेत.

कोपऱ्यातला:
१६६१ म्हणजे उंबरखिंड! खोपोलीला या, स्वस्तात होईल.

भटकभवानी:
व्हर्साय छानच, पण १६६१साठी नको. तेव्हा तिथे चौदाव्या लुई राजाच्या वडिलांनी बांधलेला शिकारीचा वाडा होता, बस्स. तुम्ही पॅरिसजवळचा व्हो-ल-व्हिकोंतचा वाडा गाठा.

९ मार्चला मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ वारला आणि बावीस वर्षांच्या लुईने जाहीर केलं, आता मुख्यमंत्री नाही, कारभार मीच बघणार. खजिन्याचा प्रमुख निकोला फुके याने १७ ऑगस्टला व्होच्या याच आपल्या नव्याकोऱ्या वाड्यात राजाला मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटक, कारंजी, आतषबाजी, काही कमी ठेवलं नाही. ५ सप्टेंबरला नाँतमध्ये त्याला अटक झाली, तीही दार्तान्याँच्या हातून. (हो, ‘थ्री मस्केटिअर्स’ कादंबरीतला तोच. माणूस खरा होता.) राजाने मग इथली संत्र्याची झाडं उचलली आणि वास्तुकार ल व्हो, चित्रकार ल ब्रँ, बागवाला ल नोत्र या तिघांनाही व्हर्सायच्या कामाला लावलं.

बागेतली गंमत चुकवू नका. वाड्याच्या पायऱ्यांवरून बघितलं तर समोरची दगडी गुहा अगदी जवळ वाटते. चालत निघालात की मध्येच जवळपास एक किलोमीटर लांबीचा कालवा आडवा येतो. वरून त्याचा मागमूसही नसतो!

पुराभिलेख:
मेजवानी राजाच्या डोळ्यात खुपली म्हणून फुके तुरुंगात गेला, ही गाइडलोकांची आवडती गोष्ट. काटा काढायचं आधीच ठरलं होतं, खजिन्यातलाच अधिकारी कोल्बेर त्याच्या हिशेबातल्या भानगडी राजाच्या कानावर घालतच होता. फुकेकडे पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयातलं सरकारी वकिलाचं पदही होतं. ते असतं तर खटला त्याच्याच सहकाऱ्यांपुढे चालला असता. म्हणून गोड बोलून ते त्याला विकायला लावलं, मेजवानीच्या आधीच! पुढे खास नेमलेल्या न्यायाधीशांनी १६६४ साली हद्दपारी दिली, तर राजाने ती वाढवून जन्मठेप केली. शिक्षा वाढवणारा राजा! मुलाला हे नक्की सांगा.

भटकभवानी:
मान्य. गोष्ट रंगवायच्या नादात मीही वाहवले.

गुळपोळी:
जायचं कसं? आणि सासूबाईंचं काय?

भटकभवानी:
गार द लियों स्टेशनवरून मलँची लोकल, पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवा, तिथे रिक्षा स्टँड नाही. बागेत फिरायला बॅटरीवरच्या छोट्या गाड्या भाड्याने मिळतात, सासूबाईंना त्यात बसवा. उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावतात, पण तारखा बघून घ्या.

गुळपोळी:
ठरलं, व्हो! मुलगा म्हणतो फुकेचं चिन्ह खार होतं, तो भिंतींवरच्या खारी मोजणार आहे.

पुराभिलेख:
मोजू द्या. आणि मोठ्या दिवाणखान्यात मान वर करायला सांगा. त्या घुमटावर ल ब्रँ भलंमोठं चित्र काढणार होता. मालकच आत गेला, चित्र राहिलं ते राहिलंच.